लग्नाच्या परतभेटी घरी करताना: उटणे, साबण, मेणबत्ती आणि मुठेल

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पाहुण्यांच्या हातात स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा डबा ठेवण्याऐवजी घरी केलेले काही सुगंधी द्यावे, असे अनेकांना वाटते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मांडवाच्या दाराशी मनगटाला अत्तर लावून, गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडून स्वागत करण्याची रीत आपल्या आजी-आजोबांच्या लग्नात सर्रास होती. फरक इतकाच की अत्तराचा फाया तिथेच संपत असे, आणि आजची भेट पाहुण्यांच्या न्हाणीघरात महिना-दोन महिने राहणार असते. म्हणूनच ती करताना थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. निवडक पत्रांना पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: स. न. वि. वि. माझ्या मुलीचे लग्न वैशाखात साताऱ्याला आहे. पाहुणे अडीचशेच्या आसपास असतील. प्रत्येक कुटुंबाला नव्हे, तर प्रत्येक पाहुण्याला हळदीचा एक छोटा साबण द्यावा, असे आम्हा तिघी जावांनी ठरवले आहे. हाताशी अडीच महिने आहेत. कॉस्टिक सोडा आणि तेलापासून साबण करून पाहिला, तर हळद घालताच तो पिवळा होण्याऐवजी विटकरी झाला. कुठे चुकले? अडीचशे साबण याच पद्धतीने करावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आपले काहीही चुकलेले नाही. हळदीच्या पाण्यात चुन्याची चिमूट पडली की ते लाल होते, हे आपण स्वयंपाकघरात पाहिले असेल. हळदीला क्षार देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साबण हा मुळातच क्षारधर्मी पदार्थ आहे आणि ताज्या साबणात क्षाराचा जोर अधिक असतो, त्यामुळे हळदीचा रंग आधी तांबूस होतो आणि पुढे काही आठवड्यांत मातकट पिवळ्याकडे झुकतो. तो डाळिंबी-पिवळा रंग अंगाला अपाय करत नाही. परंतु ‘हळदीचा साबण’ म्हणून पिवळाधमक रंग अपेक्षित धरणाऱ्या पाहुण्याला तो विचित्र वाटेल. माझे मत असे की साबण साईच्या रंगाचाच ठेवावा, त्याला हळदीत बुडवून वाळवलेला दोरा बांधावा आणि सोबत हळद-कुंकवाची लहान पुडी द्यावी. हळदीचा मान राहतो आणि टॉवेलवर पिवळे डागही पडत नाहीत.

आता पद्धतीविषयी. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करणे हे शिकण्यासारखे काम आहे, पण अडीचशे पाहुण्यांसाठी पहिल्यांदाच करण्यासारखे नाही. त्याचे कारण अंदाज. आपण भाजीत मीठ अंदाजाने घालतो, तसे इथे चालत नाही. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलाला साधारण १३६ ग्रॅम पुरतो. खोबरेलाचे माप शेंगदाणा तेलाला लावले, तर उरलेला सोडा साबणात मोकळा राहतो आणि तो त्वचा जाळतो. म्हणून जाणकार मंडळी प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा करतात आणि सोडा गणितापेक्षा पाच टक्के कमीच घेतात, जेणेकरून थोडे तेल शिल्लक राहावे. शिवाय असा साबण कापल्यानंतर चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवावा लागतो. आपल्याकडे अडीच महिने आहेत, म्हणजे वेळ पुरतो, परंतु एखादा घाणा बिघडला तर दुसरा करायला सवड उरत नाही. हौस असेल तर घरच्या मंडळींपुरता, वीसेक वड्यांचा, एकच घाणा करा. तो करताना सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आणि ॲल्युमिनियमचे पातेले त्या खोलीतही नसावे, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक वापरा.

अडीचशे वड्यांसाठी तयार साबणाचा लगदा, म्हणजे बाजारात ‘सोप बेस’ म्हणून मिळतो तो, घ्यावा. एक वडी ५० ग्रॅमची धरली तर साडेबारा किलो लगदा होतो. सांडलवंड आणि साच्यात अडकणारा भाग धरून तेरा किलो आणा. तो बारीक कापून, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावा. थेट गॅसवर ठेवू नये आणि उकळी तर येऊच देऊ नये, कारण उकळलेला लगदा पाणी गमावतो, चिवट होतो आणि त्याला जळका वास लागतो. खाली उतरवून किंचित निवला की किलोमागे दहा ग्रॅम सुगंधी तेल घालावे. वाळ्याचे तेल आपल्या हवामानाला आणि वैशाखाला फार शोभते. दालचिनी आणि लवंगेच्या तेलांपासून मात्र दूर राहावे. अनेकांच्या त्वचेला ती झोंबतात. सहा वड्यांचे चार साचे असतील तर एका फेरीत चोवीस वड्या निघतात. दिवसाला तीन फेऱ्या केल्या तरी तिघी जावांचे काम चार दिवसांत आटोपते, आणि गप्पा धरून पाच.

एक गोष्ट मात्र विसरू नका. या लगद्यात ग्लिसरीन असते आणि ते हवेतले पाणी ओढून घेते. दमट हवेत वडीवर दवबिंदूंसारखे थेंब जमतात आणि पाहुण्याला वाटते की साबण विरघळतो आहे. वडी साच्यातून निघाली की त्याच दिवशी पातळ प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळावी आणि त्यावर हवा ते कापड किंवा कागद चढवावा. चातुर्मासात सहसा मुहूर्त नसतात, ही साबण करणाऱ्यांची मोठीच सोय आहे.

जाता जाता एक सूचना. पेढा, मोदक किंवा बर्फीच्या आकाराचे साचे हल्ली सहज मिळतात आणि दिसायलाही गोड असतात. आमच्याच नात्यातील एका लग्नात वेलचीच्या वासाचा असा ‘पेढा’ एका आजोबांनी कौतुकाने तोंडात घातला होता. त्यानंतर त्यांनी यजमानांविषयी जे उद्गार काढले, ते इथे छापण्यासारखे नाहीत. खाऊच्या आकाराचा आणि खाऊच्या वासाचा साबण लग्नात देऊच नये, विशेषतः मुले आणि वयस्क मंडळी जिथे असतील तिथे.

प्रश्न: साखरपुड्याला शंभर जणांना घरचे उटणे देण्याचा विचार आहे. आईच्या काळचे प्रमाण कुठे लिहून ठेवलेले नाही. खणाच्या बटव्यात उटणे भरले तर चालेल का? ते किती दिवस टिकेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: या पत्रांतील साऱ्या भेटींमध्ये मला आपली भेट सर्वांत पसंत आहे. उटण्यात पाणी नाही, ते वितळत नाही, काचेसारखे फुटत नाही, आणि ते कशासाठी आहे हे पाहुण्यांना समजावून सांगावे लागत नाही, कारण नरकचतुर्दशीची पहाट प्रत्येकाच्या आठवणीत असते.

शंभर पुड्या, प्रत्येकी २५ ग्रॅम, म्हणजे अडीच किलो उटणे लागेल. त्यासाठी मसुराचे पीठ एक किलो, मुलतानी माती अर्धा किलो, आंबेहळद २०० ग्रॅम, कचोरा आणि गव्हला मिळून २०० ग्रॅम, संत्र्याची वाळवलेली साल २०० ग्रॅम, नागरमोथा १५० ग्रॅम, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या १५० ग्रॅम आणि वाळा १०० ग्रॅम असे प्रमाण धरावे. हे प्रमाण दगडावरची रेघ नव्हे. कचोरा वाढवला तर वास अधिक खुलतो. संत्र्याची साल वाढवली तर उटणे थोडे खरखरीत होते आणि नाजूक त्वचेला टोचते. स्वयंपाकातील हळद यात घालू नये, कारण ती अंगावर आणि पंचावर रंग सोडते. लग्नघरात हळदीच्या दिवशी पिवळे होण्यात मौज असते; साखरपुड्याहून परतलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी पिवळ्या चेहऱ्याने कचेरीत जाण्यात ती नसते.

खरी मेहनत वाळवण्यात आणि दळण्यात आहे. आणलेली प्रत्येक वस्तू, ती दुकानात कितीही कोरडी दिसली तरी, दोन दिवस उन्हात घालावी. वाळा आणि नागरमोथा ही चिवट मुळे असतात; घरच्या मिक्सरमध्ये ती नीट बारीक होत नाहीत, भांडे मात्र तापते. त्यामुळे अनेकजण ती कांडपाला देतात, आणि इथेच घात होतो. ज्या यंत्रात आदल्या दिवशी मिरची कांडली गेली, त्यात उटणे कांडले तर शंभर पाहुण्यांच्या चेहऱ्याची आग होईल. हे मी ऐकीव सांगत नाही. एका दिवाळीत आमच्या घरातील सर्वांनी ते भोगलेले आहे. कांडपवाल्याला आधी विचारावे, यंत्र स्वच्छ करून त्यात किलोभर तांदूळ काढून घ्यावेत आणि मगच आपले दळण घालावे. तो तयार नसेल, तर आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानातून या मुळ्यांची तयार पूड आणावी. त्यात कमीपणा नाही. सर्व काही एकत्र करून वस्त्रगाळ करावे. चाळणीने चाळलेले आणि वस्त्रगाळ केलेले उटणे यांतला फरक गालाला लगेच कळतो.

काही वाचक सुगंधासाठी उटण्यात गुलाबपाणी शिंपडतात. तसे करू नये. पिठात ओलावा शिरला की चार दिवसांत बुरशी धरते, आणि पुडी बांधलेली असल्यामुळे ती कुणाच्या लक्षातही येत नाही. गुलाबपाणी हवेच असेल तर लहान बाटली सोबत द्या. मसुराच्या पिठामुळे उटण्याला कीड लागण्याची शक्यता असते. पीठ मंद आचेवर हलके भाजून, पूर्ण निववून मिसळले तर ती कमी होते. तरीही कार्यक्रमाआधी तीन आठवड्यांपेक्षा लवकर करू नका आणि ‘तीन महिन्यांत वापरावे’ असे पुडीवर लिहा.

खणाचा बटवा दिसायला सुरेख असतो, पण खणातून पूड झिरपते आणि पाहुण्याच्या पर्समध्ये पिवळा धुराळा होतो. आत जाड बटर पेपरची पुडी करावी आणि ती बटव्यात ठेवावी. बटव्याच्या नाडीला एक चिठ्ठी अडकवून तिच्यावर घटकांची नावे मराठीत लिहावीत. ही शोभा नव्हे, गरज आहे. कुणाला संत्र्याची तर कुणाला कचोऱ्याची ॲलर्जी असू शकते. ‘प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे’ ही ओळही त्यावर असू द्या.

प्रश्न: मे महिन्यात नागपूरला भावाचे लग्न आहे. दीडशे सुगंधी मेणबत्त्या मातीच्या पणत्यांत भरून, वर मोगऱ्याच्या वाळलेल्या कळ्या लावून द्याव्यात असे मनात आहे. सोयाबीनचे मेण आरोग्याला चांगले म्हणतात, म्हणून तेच घेणार आहे. मेणात थोडे गुलाबजल घातले तर सुगंध वाढेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: आपल्या योजनेतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला बदलायला सांगावी लागत आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

पहिली गोष्ट मेणाची. भांड्यात ओतण्याचे सोयामेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर त्याहून पुष्कळ अधिक तापते. पाहुणा घरी पोहोचेपर्यंत मेणबत्तीचे तूप झालेले असेल. आपल्याला ५८-६० या प्रतीचे, म्हणजे ५८ ते ६० अंशांना वितळणारे, शुद्ध पॅराफिन मेण हवे. विकणाऱ्याला ही प्रत सांगितली की तो ओळखतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकते आणि त्याला स्वतःचा मंद गंध असतो, पण दीडशे नगांना ते महाग पडेल.

दुसरी गोष्ट पणतीची. दिवाळीआधी आपण पणत्या पाण्यात भिजवून ठेवतो, कारण कोरी माती तेल पिते. मेणाच्या बाबतीत हा उपाय उलटा बसतो. मातीत अडकलेले पाणी तापून मेण तडतडते. आणि भिजवली नाही तर माती वितळलेले मेण शोषून घेते, आणि पणतीची कडाच वातीसारखी पेटू शकते. आतून चकाकी दिलेली मातीची वाटी किंवा जाड काचेचा लहान पेला घ्या. पातळ काच ज्योतीच्या उष्णतेने तडकते.

मोगऱ्याच्या कळ्यांविषयी तर मी आग्रहानेच सांगेन की त्या लावू नका. वाळलेले फूल म्हणजे दुसरी वात. छायाचित्रात ते मोहक दिसते. खोलीत मात्र ज्योत बोटभर उंच उठते. गुलाबजलाचेही तेच. पाणी मेणात मिसळत नाही, ते तळाशी जाऊन बसते आणि ज्योत तिथे पोहोचली की फटाक्यासारखे उडते. सुगंधासाठी मेणबत्तीकरिताच बनवलेले तेल, मेणाच्या सहा टक्के, घालावे. प्रत्येक पेल्यात ८० ग्रॅम मेण धरले तर दीडशे नगांना १२ किलो मेण आणि ७२० ग्रॅम सुगंधी तेल लागेल.

मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, आणि ते वितळत असताना दाराची घंटा वाजली तर आधी गॅस बंद करावा, मग दार उघडावे. तापलेल्या मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. जळते मेण कारंज्यासारखे चहूकडे उडते. गॅस बंद करून वर झाकण सरकवावे, एवढेच करावे. म्हणून हाताशी बरोबर बसणारे झाकण आधीच ठेवलेले असले पाहिजे.

वात निवडण्यासाठी तीन जाडींच्या वाती आणून तीन पेले करून पाहा. योग्य वातीने पेल्याच्या रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एका तासाच्या हिशेबाने मेण कडेपर्यंत वितळते. मध्येच विहीर पडली तर वात बारीक आहे. काजळी धरली तर जाड आहे. या परीक्षेला दोन संध्याकाळी द्याव्या लागतात आणि त्या वाचवण्यासाठी पुढे दीडशे मेणबत्त्या टाकून देण्याची वेळ येते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

एक नाजूक बाब. आपल्याकडे पेटवलेली मेणबत्ती श्रद्धांजलीच्या सभेतही असते, त्यामुळे मंगलकार्यात ती देणे काही वडीलधाऱ्यांना रुचत नाही. घरातील मोठ्यांना आधी विचारून घेतलेले बरे. तुपात बसवलेल्या फुलवाती हा त्यावर चांगला पर्याय आहे, परंतु तोही थंडीतल्या लग्नाला. मे महिन्यात नागपुरात ते तूप वातीला धरून बसणार नाही.

प्रश्न: आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे मुठेल भरपूर होते. त्याचे मलम करून पाहुण्यांना देता येईल का? सोबत कोरफड आणि गुलाबपाण्याचे क्रीमही करावे, असे सूनबाईचे म्हणणे आहे.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: मुठेलाचे मलम अवश्य द्या, क्रीम मात्र देऊ नका. कोकमाच्या बियांतून निघणारे हे तूप साधारण ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहते, त्यामुळे खोबरेलासारखे ते डबीत वाहत नाही. तडकलेल्या टाचांवर आणि फुटलेल्या ओठांवर ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते, म्हणजे त्याची ओळखही करून द्यावी लागत नाही. मुठेल ५० भाग, खोबरेल ३५ भाग आणि मधमाश्यांचे मेण १५ भाग पाण्यावरच्या भांड्यात वितळवून, गाळून, कोरड्या डब्यांत ओतावे. घरच्या मुठेलाला जो कच्चा वास असतो, तो दोनदा गाळून थोडा कमी होतो. उरलेला असू द्यावा. लिंबू-संत्र्याच्या सालीचे दाबून काढलेले तेल या मलमात घालू नका, कारण त्यांपैकी काही तेले अंगावर राहिली आणि वर ऊन लागले की त्वचा भाजते.

क्रीमचा प्रश्न पाण्याचा आहे. कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी तेलात घोटले की त्यात जंतू आणि बुरशी वाढायला हवे ते सर्व मिळते, आणि योग्य परिरक्षक योग्य प्रमाणात घातल्याशिवाय ते आठवडाभरही भरवशाचे राहत नाही. ते काम घरच्या रवीचे नाही. सूनबाईंना माझ्या वतीने सांगावे की कोरफडीची लहान रोपेच कुंडीत लावून दिली तर पाहुण्यांना अधिक आवडतील.

प्रश्न: पाण्यात टाकल्यावर फसफसणारे स्नानगोळे घरी करून द्यावेत का? आणि पाहुण्यांना आवडले तर पुढे ते विकता येतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: हे गोळे टबात स्नान करणाऱ्यांसाठी आहेत, आणि आपल्याकडील बहुतेक घरांत बादली आणि तांब्या असतो. त्यातून खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड यांचे मिश्रण हवेतल्या दमटपणानेच फसफसू लागते. कोकणात किंवा पावसाळी दिवसांत ते पुडीतच फुगते. त्याऐवजी पाय शेकण्यासाठी सैंधव आणि एप्सम मीठ घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, सोबत लाकडी चमचा देऊन पाहा. दिवसभर लग्नात उभे राहिलेल्या पायांना त्याच रात्री त्याचा उपयोग होतो.

विक्रीचे मात्र वेगळे आहे. अंगाला लावायच्या वस्तू विकण्यासाठी बनवायच्या असतील तर सौंदर्यप्रसाधनांविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो आणि महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागते. पहिली ऑर्डर घेण्याआधी ती चौकशी करावी, आणि तोवर कुणी पैसे देऊ केले तर सध्या फक्त लग्नापुरतेच केले आहे, असे सांगावे.